सैतान न मानणारे सैतानपंथी

‘सैतान’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला. त्याचे हिब्रू भावंड ‘सातान’. त्याचा मूळ अर्थ विरोधक, आडवा येणारा. आधुनिक सैतानवादाने हाच अर्थ उचलला आहे. १६६७ मध्ये प्रकाशित झालेल्या इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यातला बंडखोर सैतान पुढे ब्लेक, शेली आणि बायरन या कवींच्या पिढीला सत्तेपुढे मान न तुकवणाऱ्याचे प्रतीक वाटला. या पंथाचा खरा वारसा असा वाङ्मयीन आहे.

त्या प्रतीकाला संघटित धर्माचे रूप दिले ते अँटन लावे यांनी, ३० एप्रिल १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ‘चर्च ऑफ सेटन’ स्थापन करून. लावे निरीश्वरवादी होते. देव नाही तसा सैतानही नाही, असे ते मानत. त्यांच्या शिकवणीत बलवंतांचे कौतुक फार आहे आणि तो भाग मला पटत नाही. मात्र लहान मुलांना इजा करू नये, हा नियमही त्यांनीच लिहून ठेवला होता.

तरीही १९८० च्या दशकात, सैतानपंथीय मुलांचा गुप्त विधींत छळ करतात, या भीतीने अमेरिका झपाटली. कॅलिफोर्नियातील एका बालवाडीवर १९८३ मध्ये असे आरोप सुरू झाले आणि १९९० मध्ये खटला संपला तेव्हा एकही आरोपी दोषी ठरला नव्हता. मग मुलांनी ते सांगितले कसे? टेक्सासमधील मानसशास्त्रज्ञांनी याचे उत्तर प्रयोगाने शोधले आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. एका पाहुण्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गोष्ट सांगितली. आठवड्याने त्या पाहुण्याविषयी मुलांना प्रश्न विचारले गेले. केवळ उत्तर सुचवणारे प्रश्न विचारले, तेव्हा न घडलेल्या गैरकृत्यांना १७ टक्के वेळा होकार मिळाला. त्याच प्रश्नांना त्या खटल्यातील मुलाखतींसारखी शाबासकी, नापसंती आणि ‘बाकीच्या मुलांनी तर सांगितले’ अशा दडपणाची जोड दिली, तेव्हा हे प्रमाण ५८ टक्क्यांवर गेले, आणि तेही जेमतेम पाच मिनिटांच्या मुलाखतीत. मुले खोडसाळ नव्हती. समोरच्या मोठ्या माणसाला जे ऐकायचे होते, ते त्यांनी दिले.

२०१३ मध्ये पुढे आलेल्या ‘सेटॅनिक टेंपल’ या वेगळ्या संघटनेच्या सात तत्त्वांत करुणा आहे, आपल्या देहावर आपलाच अधिकार आहे, आणि श्रद्धा विज्ञानाच्या उत्तमोत्तम आकलनाशी सुसंगत असाव्यात, असा आग्रहही आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या करविभागाने तिला चर्च म्हणून मान्यता दिली. दडलेल्या स्मृती ‘उकरून’ काढण्याचा दावा करणाऱ्या उपचारांविरुद्ध ती मोहीम चालवते, आणि तिचे मुख्यालय आहे अमेरिकेतल्या सेलम शहरात, जिथे १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपाखाली १९ जणांना फाशी देण्यात आले होते.