पेट्रोलचा काटा बिघडलाय? गाडी आणताना टाकी फुल्ल करू नका

(जुन्या गाड्यांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दसरा आला, लग्नसराई सुरू झाली की सोलापुरातल्या पद्मिनी, अँबेसेडर आणि जुन्या जीप शेडबाहेर निघतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या आमच्याकडे एकाच तक्रारीसाठी येतात : पेट्रोलचा काटा हलत नाही, किंवा कसाही हलतो. काम अवघड नसतं. पण गाडी आणतानाच एक गोष्ट अशी केली जाते की तासा-दोन तासांच्या कामाला दिवस जातो. बहुतेक जण टाकी काठोकाठ भरून गाडी आणतात.

त्यामागचं कारण आम्हाला समजतं. काट्यावर भरवसा राहिला नाही की अक्कलकोट-तुळजापूरला जातानाही माणूस टाकी भरूनच निघतो. शिवाय ‘फुल्ल केल्यावर तरी काटा वर जातो का बघू’ म्हणून येता येता पंपावर थांबणं होतं. पण दोष बहुतेक वेळा टाकीत बसवलेल्या, पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये (गाडीच्या बॉडीशी असलेल्या विजेच्या जोडणीत) असतो, आणि युनिट बाहेर काढायचं तर पेट्रोलची पातळी त्याच्या खाली हवी. काही गाड्यांत युनिट टाकीच्या वरच्या बाजूला नसून कडेला असतं. तिथे भरल्या टाकीचे स्क्रू सैल केले की पेट्रोल थेट अंगावर येतं. मग आधी सगळं पेट्रोल कॅनमध्ये काढा, ते सावलीत झाकून ठेवा, काम झालं की गाळून परत भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारी आम्ही भरलेली टाकी उघडत नाही, आणि पेट्रोल काढण्या-भरण्याची मजुरी बिलात वेगळी लावतो. काही ग्राहक यावर रागावतात. तरी नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढणं आमच्याकडे होणार नाही.

टाकी कोरडी ठणठणीत करूनही आणू नका. रिकाम्या टाकीत नुसती वाफ असते, ती भरल्या टाकीपेक्षा धोक्याची. चार-पाच लिटर असावं. आणायच्या आधीच्या आठवड्यात नवीन पेट्रोल टाकलं नाही तरी बहुतेकांचं जमून जातं.

आता मीटरबद्दल, म्हणजे डॅशबोर्डवरच्या काट्याच्या डबीबद्दल. ‘मीटर खराब आहे, बदलून द्या’ असंच सगळे सांगतात, पण मीटर सहसा खराब नसतं. टाकीतल्या युनिटला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारी पोकळ डबी) असतो, त्याच्या दांडीच्या टोकाची पत्ती रेझिस्टन्सच्या (करंट अडवणाऱ्या) वायरवर घासत फिरते, आणि मीटर फक्त त्या वायरमधून किती करंट जातो ते दाखवतं. घरी तपासायचं असेल तर चावी बंद ठेवून टाकीच्या युनिटची वायर काढा (मूळ वायरिंग शिल्लक असलेल्या इंग्रजी पद्धतीच्या गाड्यांत ती हिरवी, वर काळी रेघ). चावी चालू करा आणि काटा बघा. चावी बंद करून तीच वायर टाकीपासून लांब, बॉडीच्या उघड्या पत्र्याला पक्की बांधा आणि पुन्हा चावी चालू करा. सावकाश चढणारा काटा असेल तर पहिल्या वेळी तो रिकाम्यावर राहतो, दुसऱ्या वेळी भरल्याकडे जाऊ लागतो. जाऊ लागला की लगेच चावी बंद. झटकन उडणारे जुने काटे काही गाड्यांत नेमके उलटे चालतात. कसेही असोत, काटा एकदा एका, एकदा दुसऱ्या टोकाकडे गेला म्हणजे मीटर आणि वायर दोन्ही ठीक. एवढं मात्र करू नका : बॅटरीची पॉझिटिव्ह वायर युनिटला थेट लावू नका. आतली वायर जळते, आणि ती पेट्रोलच्या टाकीत असते.

डेन्टिंग-पेंटिंग करून आलेल्या गाडीत आम्ही सगळ्यात आधी अर्थिंग बघतो. टाकीला छान रंग लागलेला असतो, पट्ट्यांखाली नवं रबर असतं, आणि टाकीचा बॉडीशी संबंधच तुटलेला असतो. युनिटच्या स्क्रूखालचा रंग खरवडून तिथून चॅसीपर्यंत एक वेगळी वायर टाकली की काटा चालतो. या कामासाठी नवं मीटर घ्यायला लावणं आम्हाला पटत नाही.

काटा एका ठरावीक जागी येऊन खाली पडत असेल तर तिथे रेझिस्टन्सची वायर झिजलेली असते. टाकी नेहमी पाव ते अर्धी ठेवणाऱ्यांच्या गाडीत ती नेमकी तेवढ्याच भागात झिजते. काटा कायम रिकाम्यावर असेल तर फ्लोट बुडालेला असू शकतो. पितळी फ्लोट काढून कानाशी हलवला की आत पेट्रोल खुळखुळतं. गरम पाण्यात धरला की भोकातून बुडबुडे येतात. त्याला थेट डाग द्यायला (सोल्डर करायला) जाऊ नका, आधी आतलं पेट्रोल पूर्ण निघायला हवं. युनिट आणि टाकीमधलं पॅकिंग आम्ही दर वेळी नवंच लावतो, कारण आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या कॉर्क-रबराला ते सोसत नाही.

पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे एकदम चुकत असतील तर टाकीला हात लावू नका. दोन्ही मीटरना एकसारखा व्होल्टेज देणाऱ्या, डॅशबोर्डमागच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरकडे बघावं लागतं. मूळच्या 6 व्होल्टच्या विलीज जीपला 12 व्होल्ट केलं असेल, तर तसं गाडी देतानाच सांगा.

काम झालं की आम्ही टाकीत मोजून पेट्रोल घालतो, किती लिटरला काटा कुठे थांबतो ते एका कार्डावर लिहून देतो. ते कार्ड गाडीतच ठेवा. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

अँबेसेडर 2014 साली बंद झाली, पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी. बाजारात ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ म्हणून मिळणारी युनिटं मूळ मीटरशी बहुधा जुळत नाहीत, मग काटा अर्ध्या टाकीला पाऊण दाखवतो. मूळ युनिट गंजलेलं, मोडलेलं असलं तरी त्याची दांडी आणि फ्लँज (टाकीला स्क्रूने बसणारी चकती) कामाला येते. आधी कुणी बदललं असेल, तर ते जुनं युनिट फेकू नका, गाडीबरोबर घेऊन या. आणि शक्यतो सकाळी दहाच्या आत या.