खरा पुरावा, खोटं चित्र

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, 'फॅशन नोव्हा' या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीविरुद्धचं एक प्रकरण ४२ लाख डॉलरवर मिटवलं. कंपनीने खोटे रिव्ह्यू लिहून घेतले, असा आरोप त्यात नव्हता. आयोगाचं म्हणणं वेगळं होतं: चार आणि पाच स्टारचे रिव्ह्यू साइटवर आपोआप झळकत, त्याखालचे मंजुरीसाठी अडकून पडत. २०१५ च्या अखेरीपासून नोव्हेंबर २०१९ पर्यंत असे लाखो रिव्ह्यू लोकांसमोर आलेच नाहीत. म्हणजे जे दिसत होतं ते खऱ्या ग्राहकांनीच लिहिलेलं होतं, आणि तरीही ते वाचून माणसाचा समज चुकत होता.

ऑनलाइन मार्केटिंगमधल्या अप्रामाणिकपणाची चर्चा बहुतेक वेळा बनावट रिव्ह्यू आणि विकतच्या फॉलोअरांपाशी थांबते. तो गुन्हा सरळ आहे. माझ्या मते त्याहून अवघड आहे तो खऱ्या पुराव्यातून रचलेला गैरसमज. ही युक्ती इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे, आणि कायद्याला ती ओळखायला फार वेळ लागला.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पेटंट औषधांचा, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जाहिरातींच्या जोरावर विकल्या जाणाऱ्या तयार औषधांचा, धंदा जोरात होता, आणि त्याचा मुख्य आधार होता बऱ्या झालेल्या लोकांची पत्रं. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या लिडिया पिंकहॅम यांचं स्त्रियांसाठीचं औषध त्यांच्या चेहऱ्यासकट वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचलं. 'मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा' असं जाहिराती सांगत, आणि बायका विश्वासाने आपली दुखणी लिहून कळवत. लिडियाबाई १८८३ मध्ये वारल्या. जाहिराती मात्र तशाच चालू राहिल्या. अखेर १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल'चे संपादक एडवर्ड बॉक यांनी त्यांच्या थडग्याचा फोटोच छापला, दगडावरच्या मृत्यूच्या तारखेसह. त्याच वर्षी 'कॉलियर्स' साप्ताहिकात सॅम्युअल हॉपकिन्स अॅडम्स यांची या औषधांवरची लेखमाला सुरू झाली. औषध घेऊन बरं वाटलं असं लिहिणारी माणसं खरीही असू शकतात, पण बरं वाटलं म्हणजे औषधाने बरं झालं असं नव्हे. आणि ज्यांना काहीच फरक पडला नाही, त्यांची पत्रं कोण छापणार?

इंग्लंडमध्ये याच काळात घडलेला एक खटला मला फार मोलाचा वाटतो. कार्बोलिक स्मोक बॉल नावाचं उपकरण वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, अशी जाहिरात एका कंपनीने दिली होती. आपण हे मनापासून बोलतोय हे पटवायला 'अलायन्स बँकेत १,००० पौंड जमा ठेवले आहेत' असंही छापलं. लुइझा कार्लिल यांनी ते सांगितल्याप्रमाणे वापरलं, त्यांना इन्फ्लुएंझा झाला आणि त्यांनी पैसे मागितले. ही तर निव्वळ जाहिरातीची भाषा, असा पवित्रा कंपनीने घेतला. अपील न्यायालयाने १८९२ च्या डिसेंबरमध्ये तो फेटाळला आणि बँकेतल्या त्याच ठेवीवर बोट ठेवलं: पैसे जमा ठेवल्याचं सांगता, त्याअर्थी तुम्ही हे गांभीर्याने म्हणालात, आता द्या. दाखवलेल्या पुराव्याने विकणाराच बांधला गेला.

अमेरिकेतला रस्ता जास्त वळणांचा निघाला. १९०६ च्या अन्न आणि औषध कायद्याने लेबलवर घटकांबद्दल खोटं लिहायला बंदी केली. पण कॅन्सर बरा करण्याचा दावा करणाऱ्या एका औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये सांगितलं की हा कायदा बाटलीत काय आहे याबद्दल आहे, त्याने काय बरं होतं याबद्दल नाही. १९१२ मध्ये दुरुस्ती आली, तीही अर्धवट: विकणाऱ्याचा हेतूच फसवण्याचा होता हे सरकारने सिद्ध करायचं. माझा तर माझ्या औषधावर विश्वास होता, असं म्हणणाऱ्याला पकडणार कसं? १९१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन स्थापन झालं, पण वजन घटवण्याच्या एका औषधाच्या प्रकरणात १९३१ साली न्यायालयाने त्याचेही हात बांधले. नुसता ग्राहक फसला एवढं पुरेसं नाही, प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांचं नुकसान दाखवा, असं ठरलं. ग्राहकाची फसवणूक हाच स्वतंत्र गुन्हा मानायला १९३८ उजाडलं.

टीव्ही आल्यावर पुरावा डोळ्यांसमोर घडू लागला. १९५९ च्या एका जाहिरातीत 'रॅपिड शेव्ह' क्रीम सँडपेपरवर लावून लगेच त्यावरून वस्तरा फिरवलेला दिसे, आणि कागद सफाचट होई. प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हता. प्लेक्सिग्लासच्या तुकड्यावर वाळू पसरलेली होती. कंपनीचा बचाव ऐकण्यासारखा आहे: खरा सँडपेपरही या क्रीमने भादरता येतो. येत होता, पण आधी सुमारे ८० मिनिटं भिजवून. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'हे बघा, तुमच्या डोळ्यांनी' असं म्हणून दाखवलेली गोष्ट नक्कल असेल आणि ते सांगितलं नसेल, तर ती फसवणूकच. 'कॅम्पबेल'च्या सूपची गोष्ट आणखी सूक्ष्म. वाडग्यात सूप खरं होतं, भाज्याही त्यातल्याच होत्या. फक्त तळाशी काचेच्या गोट्या टाकलेल्या होत्या, त्यामुळे भाज्यांचे तुकडे वर येऊन सूप दाट दिसे. १९७० मध्ये आयोगाने ते थांबवायला लावलं.

माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातलं खरं वळण १९७२ चं. उन्हाने भाजलेल्या त्वचेवरच्या 'अनबर्न' या मलमाच्या प्रकरणात आयोगाने 'फायझर' कंपनीच्या निमित्ताने तत्त्व मांडलं की दावा खोटा निघो न निघो, तो करण्यापूर्वी हाताशी वाजवी आधार हवा. आधी दावा ठोकायचा आणि कोणी विचारलं तर मग पुरावा शोधायला निघायचं, हे चालणार नाही. सिद्ध करण्याचं ओझं ग्राहकाच्या आणि सरकारच्या पाठीवरून उतरून विकणाऱ्याच्या पाठीवर आलं. वेबवरचा आजचा कुठलाही '९३ टक्के ग्राहक समाधानी' छाप दावा याच कसोटीला बांधलेला आहे.

प्रशस्तिपत्रांना मात्र एक पळवाट मिळाली. १९८० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एखाद्या ग्राहकाचा अनुभव सर्वसाधारण नसेल, तर 'सर्वांना असाच परिणाम मिळेल असे नाही' अशी ओळ टाकली की भागत असे. वजन घटवण्याच्या जाहिरातींनी ती बारीक अक्षरांत वर्षानुवर्षं वापरली. लोक ती ओळ वाचूनही स्वतःला तसाच फायदा होईल असं धरून चालतात, हे आयोगाच्याच अभ्यासांत दिसलं. २००९ मध्ये ती सूट गेली. आता सर्वसाधारणपणे काय परिणाम मिळतो, ते ठळकपणे सांगणं अपेक्षित आहे.

तोवर साक्षी गोळा करण्याचं काम इंटरनेटने जाहिरातदाराच्या हातून काढून घेतल्यासारखं दिसत होतं. 'अॅमेझॉन'वर १९९५ पासून वाचकच पुस्तकांवर लिहू लागले, 'ईबे'ने १९९६ मध्ये खरेदीदार आणि विक्रेत्यांना एकमेकांबद्दल अभिप्राय द्यायची सोय केली. आता बोलणारा विकणारा नाही, म्हणून भरवसा वाढला, आणि म्हणूनच ती जागा पटकावण्यासारखी झाली. २००४ च्या फेब्रुवारीत 'अॅमेझॉन'च्या कॅनडातल्या साइटवर तांत्रिक चुकीने रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची खरी नावं काही दिवस उघडी पडली, तेव्हा काही लेखकांनी स्वतःच्याच पुस्तकांना पाच-पाच स्टार दिल्याचं दिसलं. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, लोकांनी ब्रुकलिनमधल्या योगर्टच्या दुकानाचे मालक असल्याची बतावणी करून रिव्ह्यू सुधारून देणाऱ्यांना फोन लावले. शेवटी १९ कंपन्यांनी मिळून साडेतीन लाख डॉलरहून जास्त दंड भरला.

खोटं नुसतं वाचून ओळखता येईल, हा आपला समज मात्र तपासायला हवा. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये शिकागोतल्या हॉटेलांवर पैसे देऊन खोटे रिव्ह्यू लिहवून घेतले आणि खऱ्यांत मिसळले. ते वेगळे करताना माणसांची कामगिरी नाणं उडवण्याहून फारशी बरी नव्हती. संगणकाच्या प्रोग्रॅमला ते जवळजवळ ९० टक्के जमलं. २०१९ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी ११ हजार शॉपिंग साइट तपासल्या. 'अमक्याने आत्ताच हे विकत घेतलं' अशा काही सूचनांच्या कोडमध्ये त्यांना नाव आणि गाव यादीतून यदृच्छेने उचलणाऱ्या ओळी सापडल्या. खरेदी झालेलीच नव्हती.

कायदे आता बरेच पुढे आले आहेत. युरोपीय संघात मे २०२२ पासून रिव्ह्यू खऱ्या ग्राहकांचे आहेत याची खातरजमा करतो का आणि कशी, हे विक्रेत्याला सांगावं लागतं. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून खोट्या रिव्ह्यूंवर थेट बंदी आहे. अमेरिकेचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ ला लागू झाला: विकतचे रिव्ह्यू, ओळख लपवून कर्मचाऱ्यांनी लिहिलेले रिव्ह्यू, विकतचे बनावट फॉलोअर, सगळं त्यात आलं. मात्र एक कलम मसुद्यात असूनही अंतिम नियमातून वगळलं गेलं. एका वस्तूचे खरे रिव्ह्यू दुसऱ्याच वस्तूच्या पानावर जोडण्याबद्दलचं ते कलम होतं. या प्रकारासाठी 'द बाउंटिफुल कंपनी'ला २०२३ मध्ये सहा लाख डॉलर भरावे लागले होते.

'बघा, मी ऑनलाइन एवढं कमावतो' असं दाखवून कोर्स विकणाऱ्यांच्या कमाईच्या स्क्रीनशॉटची गतही अशीच आहे. ब्राउझरमध्ये पानावरचा आकडा मिनिटभरात बदलून चित्र काढता येतं, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण आकडा अस्सल असला तरी तो काय सांगतो? समजा, महिन्याची विक्री १० लाखांची दिसते आहे. त्यातले सात लाख जाहिरातींवर गेले, लाखभर परताव्यात गेले, आणि हा महिना वर्षातला सर्वांत चांगला होता, यातलं काहीच चित्रात नसतं. आणि तोच कोर्स घेतलेल्या बाकीच्यांचं काय झालं, तेही नसतं. आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कमाईच्या दाव्यांबद्दल १,१०० हून अधिक कंपन्यांना दंडाचा इशारा दिला. व्यवसायाच्या संधी विकणाऱ्यांसाठीच्या २०१२ पासूनच्या नियमात तर नेमकी हीच मागणी आहे: कमाईचा आकडा सांगणाऱ्याने, एकूण खरेदीदारांपैकी किती जणांनी आणि किती टक्क्यांनी तेवढं कमावलं, हे लेखी द्यायचं. कोर्स आणि कोचिंग विकणारे बरेच जण मात्र त्या नियमाच्या व्याख्येत सरळ बसत नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडचे हे दोन आकडे अजून ग्राहकालाच मागून घ्यावे लागतात.