वाद वेगळा, संवाद वेगळा

ज्यू आणि ख्रिस्ती एका टेबलाशी बोलायला बसले, की कुणीतरी हमखास विचारतं, "मग शेवटी कुणी कुणाला पटवलं?" हा प्रश्न ऐकून ऐकून मी कंटाळलो आहे. समोर चाललेला असतो संवाद आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात असते वादसभा.

वादसभा सगळ्यांना माहीत आहे. दोन पक्ष, खंडन-मंडन, मध्यस्थ, जय-पराजय. संवादात निवाडा नसतो, टाळ्या नसतात, आवाज जरा खाली असतो. हे फरक किरकोळ आहेत. गोड आवाजात, चहा घेत घेतही वादसभा चालते, त्यामुळे "शांतपणे बोलले म्हणजे संवाद झाला" ही व्याख्या मला मुळीच मान्य नाही.

लोक अडखळतात ते दुसरीकडेच. समोरच्याचा धर्म नेमका काय सांगतो, हे सांगायचा हक्क कुणाचा? आणि बोलणं संपल्यावर बदलायचं कुणी?

१२६३ सालचं बार्सिलोना घ्या. अरागॉनचा राजा पहिला जेम्स याच्या समोर वाद ठेवला होता. एका बाजूला पाब्लो क्रिस्तियानी. हा जन्माने ज्यू, नंतर ख्रिस्ती होऊन डोमिनिकन या कॅथलिक साधूंच्या संघात गेलेला. दुसऱ्या बाजूला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, नाखमनीदेस. पाब्लोचा डाव असा, की मसीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणहार, येशूच्या रूपाने येऊन गेला हे ज्यूंच्याच तालमूदमधून, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातून, सिद्ध करायचं. म्हणजे तुमच्या ग्रंथाचा अर्थ तुमच्यापेक्षा मला जास्त कळतो! नाखमनीदेसने विचारलं, तालमूदमधल्या त्या रब्बींना मसीहा आला असं खरंच वाटत होतं, तर ते मरेपर्यंत ज्यूच कसे राहिले? त्याच्या स्वतःच्या वृत्तांतानुसार राजाने त्याला ३०० दिनार दिले. पण तो वृत्तांत लिहिल्याबद्दल डोमिनिकनांनी तक्रार केली आणि अखेर म्हाताऱ्याला देश सोडावा लागला. त्या सभेत ज्यूने बदलणं एवढाच निकाल अपेक्षित होता. पाब्लोच्या बाजूचं काही बदलेल, ही शक्यता कुणी मनातही आणली नव्हती.

आता १३ जून १९६०. फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक पोप तेविसावे जॉन यांना भेटायला गेले. वय ८२. बायको आणि मुलगी नाझींनी आउश्वित्झला नेऊन मारलेली. आमचा धर्म खरा माना, असं काही मागायला ते आले नव्हते. ख्रिस्ती लोक आपल्या मुलांना ज्यूंविषयी काय शिकवतात ते तपासा, एवढंच त्यांचं मागणं होतं. 'येशूला ज्यूंनी मारलं, म्हणून त्यांच्यावर शाप' ही शिकवण त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासली होती. स्वित्झर्लंडमधल्या झेलिसबर्गला १९४७ साली भरलेल्या ज्यू-ख्रिस्ती परिषदेने ख्रिस्ती शिकवणुकीसाठी दहा मुद्दे काढले, त्यामागेही त्यांचा हात होता.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा २२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर केला. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. एकही ज्यू ख्रिस्ती झाला नाही, एकही ख्रिस्ती ज्यू झाला नाही. बदल झाला तो ख्रिस्ती घरातल्या शिकवणुकीत. संवाद म्हणतात तो याला.

"मग श्रद्धा खिशात ठेवून बसायचं का?" नाही. याच्या उलट्या टोकाची चूकही मला तेवढीच खुपते. 'देव एकच, ग्रंथ एकच, फरक नावापुरता' हे भाषण ठोकणारा माणूस दोन्हीकडच्या लोकांना न ऐकताच घरी जातो. २००० साली ज्यू विद्वानांनी काढलेल्या 'दाब्रू एमेत' या निवेदनात फरक पुसलेला नाही. देव जगाचा उद्धार करेपर्यंत हा फरक माणसांकडून सुटणार नाही, असंच त्यात म्हटलं आहे. सनातनी ज्यूंचे विचारवंत रब्बी सोलोवाइचिक यांनी तर १९६४ साली श्रद्धेच्या गाभ्यावर चर्चाच नको, समाजाच्या प्रश्नांवर मात्र एकत्र काम करू, अशी रेघ मारली. त्यांना संवादाचे शत्रू म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. कुठे बोलायचं नाही हे आधी सांगून टाकणारा माणूस बोलायला सोपा असतो.

कान देऊन ऐकलं की साधा शब्दही कसा हलतो ते पाहा. १३ एप्रिल १९८६ रोजी रोमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, पोप दुसरे जॉन पॉल यांनी ज्यूंना 'आमचे मोठे भाऊ' म्हटलं. मनापासून म्हटलं होतं. पण बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात मोठा भाऊ बहुतेक वेळा हरतो. एसावाचं काय झालं ते आठवा: थोरलेपणाचा हक्क धाकट्या याकोबाकडे गेला. ज्यू कानाला तो शब्द खटकू शकतो हे त्यांच्यानंतरचे पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या लक्षात आलं. त्यांनी 'श्रद्धेतले आमचे वाडवडील' या अर्थाचा शब्द पसंत केला.