लहान किनारी गावातील हिंसक गुन्ह्यांचा कल: आकड्यांमागची पार्श्वभूमी
5,000 वस्तीच्या किनारी गावात वर्षभरात एक खून झाला, तर लाखामागे दर 20 होतो. पुढच्या वर्षी एकही झाला नाही, की दर शून्यावर. हे आकडे मोठ्या शहरांच्या तक्त्यात बसवले, तर तेच गाव एका वर्षी भयंकर आणि दुसऱ्या वर्षी अगदी निर्धोक दिसते. लाखामागे दर काढण्याची रीत देश आणि प्रांत डोळ्यांसमोर ठेवून घडली. तिला लहान गावाचे माप येत नाही.

या रीतीची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. तिथल्या न्याय खात्याने 1825 सालच्या फौजदारी खटल्यांचा देशभराचा तपशील 1827 मध्ये छापला. फ्रेंच वकील आंद्रे-मिशेल गेरी आणि बेल्जियमचा संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले या दोघांनी पुढच्या काही वर्षांत हे तक्ते तपासले. देशपातळीवर गुन्ह्यांची संख्या वर्षागणिक फारशी हलत नाही, शरीराविरुद्धचे गुन्हे उन्हाळ्यात आणि मालमत्तेविरुद्धचे हिवाळ्यात वाढतात, असे त्यांना दिसले. केतलेने एक अटही सांगून ठेवली: उघड झालेले आणि न झालेले गुन्हे यांचे प्रमाण स्थिर असेल, तरच या आकड्यांवरून काही म्हणता येईल. आज कल सांगताना सर्वांत आधी विसरली जाते ती हीच अट.

तुरळक घटना कशा मोजाव्यात, याचे उत्तरही त्याच काळातले आहे. फ्रेंच गणिती प्वासाँ याचे 1837 चे पुस्तक न्यायालयीन निवाड्यांच्या संभाव्यतेवर होते, आणि त्याच्या नावाने ओळखले जाणारे वितरण, म्हणजे सरासरी ठाऊक असताना किती घटना घडण्याची शक्यता किती हे सांगणारे सूत्र, त्यातच आले. ते गावाला लावून पाहावे. परिस्थिती अजिबात न बदलता वर्षाला सरासरी दोन गंभीर हल्ले होत असतील, तर एकही हल्ला न होण्याची शक्यता सुमारे 13.5 टक्के असते, आणि चार किंवा अधिक होण्याची सुमारे 14 टक्के. म्हणजे साधारण सात वर्षांत एकदा ‘गुन्हेगारी दुप्पट’ हा मथळा निव्वळ योगायोगाने मिळतो, आणि ‘गाव गुन्हेमुक्त’ हाही.

म्हणून एका वर्षाची तुलना सोडून द्यावी. पाच वर्षांची बेरीज घ्यावी आणि ती आधीच्या पाच वर्षांशी ताडून पाहावी. दोन बेरजांमधील फरकाला त्या दोन्हींच्या एकूण बेरजेच्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर 2 च्या वर गेले तर बदल गंभीरपणे घ्यावा. आधी 12 आणि नंतर 19 गुन्हे असतील, तर 7 भागिले 5.57, म्हणजे 1.26, इथे थांबावे. नंतर 26 असतील, तर 14 भागिले 6.16, म्हणजे 2.27, इथे कारण शोधायला लागावे. दोन्ही बेरजा मिळून दहाच्या आत असतील, तर हा ठोकताळा वापरू नये. प्रत्येक प्रकरणच वाचावे.

वाढ खरी वाटली, तरी ती नियमांतून आलेली असू शकते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1998 मध्ये मोजणीचे नियम बदलले, 2002 मध्ये नोंदणीचा नवा मानदंड आला, आणि दोन्ही वेळा पोलिसांच्या दफ्तरी हिंसा वाढलेली दिसली. तिथेच 2014 च्या तपासणीत पोलिसांकडे कळवलेल्या हिंसक गुन्ह्यांपैकी सुमारे 33 टक्के नोंदलेच जात नसल्याचे आढळले. भारतात दखलपात्र गुन्ह्याची एफआयआर नोंदवणे बंधनकारक असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 12 नोव्हेंबर 2013 चा आहे. अशी प्रत्येक तारीख आलेखावर उभ्या रेषेने दाखवावी. गावात चौकी उघडली किंवा बंद झाली, तीही तारीख त्यात यावी.

आता किनाऱ्याचा स्वतःचा गुंता. जनगणना कायम रहिवासी मोजते. गावात प्रत्यक्ष असतात पर्यटक, हंगामी कामगार आणि बंदरावर उतरलेले खलाशी. समजा रहिवासी 5,000 आहेत आणि हंगामाच्या तीन महिन्यांत गावात 20,000 माणसे असतात. वर्षात मारहाणीचे 35 गुन्हे झाले, त्यांतले 20 हंगामात. महिन्यागणिक पाहिले तर हंगामात चौपट. पण माणसे गुणिले महिने असा हिशेब केला, तर हंगामात 60,000 आणि उरलेल्या नऊ महिन्यांत 45,000 भरतात, आणि दर दोन्हीकडे दहा हजारांमागे 3.3 येतो. एकेका माणसाची जोखीम तसूभरही वाढलेली नाही. चौकीवरचा ताण मात्र खरोखर चौपट आहे, आणि मनुष्यबळ मागताना तोच आकडा पुढे ठेवायला हवा. हजर माणसांचा अंदाज मुक्कामाच्या नोंदी, पाण्याचा वापर, कचऱ्याचे वजन यांवरून बांधता येतो.

समुद्र नोंदीतही गोंधळ घालतो. प्रवाहाने वाहून आलेला मृतदेह ज्या हद्दीत सापडतो, तिथे नोंद होते. घटना कुठली, हे कधीकधी कळतच नाही. बुडून मृत्यू हे निदान शवविच्छेदनात बरेचदा इतर कारणे वगळूनच करावे लागते, त्यामुळे अपघात, आत्महत्या आणि खून यांच्या सीमारेषा पुसट राहतात. खुल्या समुद्रात बोटीवर झालेला हल्ला सहसा बोटीवर ज्या देशाचा ध्वज असतो त्याच्या अधिकारात जातो. शिवाय गंभीर जखमी माणूस शहरातल्या रुग्णालयात दगावला, तर गावच्या तक्त्यात तो ‘हल्ला’ म्हणूनच राहून जाण्याचा धोका असतो. वर्षअखेरीस असे गुन्हे पुन्हा तपासून वर्ग बदलणे हे एकाच बैठकीचे काम आहे, आणि ते टाळले जाते.

पोलिसांपर्यंत न पोहोचणारी हिंसा शोधण्याची सर्वांत उपयोगी वाट वेल्समधल्या कार्डिफची. तिथले शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांनी रुग्णालयात उपचार घेतलेल्या जखमींपैकी बरेच जण पोलिसांच्या नोंदीत नसल्याचे दाखवले. मग अपघात विभागातच घटनेचे ठिकाण, वेळ आणि हत्यार विचारायला सुरुवात झाली, आणि नाव काढून ती माहिती पोलीस व पालिकेला दिली जाऊ लागली. लहान गावात याची गरज जास्त आहे. तक्रार घेणारा आरोपीचा नातेवाईक असू शकतो, आणि घरातली मारहाण सांगितली की दुसऱ्या दिवशी गावभर होते.

त्याच कारणाने तक्ता प्रसिद्ध करतानाही जपावे लागते. ‘लैंगिक अत्याचार: 1, जुलै, वय 15 ते 19’ ही ओळ लहान गावात नाव छापल्यासारखीच आहे. पाचपेक्षा लहान आकडा झाकावा, महिन्याऐवजी वर्षांचा गट द्यावा, आणि बेरजेतून वजाबाकी करून झाकलेला आकडा काढता येत नाही ना, हे छापण्याआधी करून पाहावे.