अनकंडिशनल ऑफर (ब्रिटनमधली इंजिनिअरिंग पदवी)

ब्रिटनमधल्या विद्यापीठाने अर्ज बघून "तुमची जागा पक्की, आता मार्कांची कुठलीच अट राहिली नाही" असं कळवलं की ती अनकंडिशनल ऑफर. आणि "अमुक ग्रेड आणा, मग जागा तुमची" असं कळवलं की ती कंडिशनल. इंजिनिअरिंगला अनकंडिशनल मिळायचे चान्सेस किती, हा प्रश्न दरवर्षी मुलंही विचारतात आणि पालकही, आणि बहुतेकांना वाटतं की जितकी मुलगी हुशार तितका चान्स जास्त. तसं नाहीये. हे मुख्यतः रिझल्ट कधी लागला त्यावर ठरतं. रिझल्ट हातात आहे आणि कोर्सने मागितलेले मार्क त्यात आहेत, तर येणारी ऑफर बहुतेक वेळा अनकंडिशनलच असते. परीक्षा अजून द्यायची असेल तर इंजिनिअरिंगला चान्स फारच कमी, मग शाळेत पहिला नंबर असला तरी.

आपल्याकडे महाराष्ट्रात बारावी होते, सीईटी होते, निकाल लागतात आणि मग कॅप राउंड सुरू होतात, त्यामुळे निकालाआधीच कॉलेजने जागा देऊ करणं हा प्रकारच आपल्याला माहीत नसतो. ब्रिटनमध्ये उलटं आहे. तिथे पदवीचे जवळजवळ सगळे अर्ज यूकॅस या एकाच संस्थेमार्फत जातात, तिचं ऑफिस चेल्टनहॅमला आहे. एका अर्जात जास्तीत जास्त 5 कोर्स निवडता येतात, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही, त्या दोघांची मुदत ऑक्टोबरच्या मध्यात संपते आणि बाकीच्यांची जानेवारीत. ए लेव्हल, म्हणजे तिथली बारावीसारखी शेवटची शालेय परीक्षा, तिचा निकाल मात्र ऑगस्टच्या मध्यात. म्हणजे अर्ज आणि निकाल यांच्यात सहा-सात महिने जातात आणि तेवढ्या काळात विद्यापीठाला शाळेने दिलेल्या अंदाजी ग्रेडवर, ज्यांना तिथे प्रेडिक्टेड ग्रेड म्हणतात, भरवसा ठेवावा लागतो. आणि हे अंदाज बरेच चुकतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गिल वायनेस यांनी 2016 मध्ये केलेल्या अभ्यासात फक्त 16 टक्के अर्जदारांचे ग्रेड अंदाजाप्रमाणे आले होते, बहुतेकांचा अंदाज खऱ्या निकालापेक्षा जास्त होता. आता अंदाज इतका कच्चा असेल तर विद्यापीठ ऑफरला अट लावणारच ना.

इंजिनिअरिंगवाले जास्त कडक का

याचं मोठं कारण गणित. बहुतेक इंजिनिअरिंग कोर्सना ए लेव्हलला मॅथ्स लागतंच, मेकॅनिकल, सिव्हिल, एअरोस्पेस, इलेक्ट्रिकलला बऱ्याच ठिकाणी फिजिक्सही लागतं, आणि वरच्या विद्यापीठांत फर्दर मॅथ्स (मॅथ्सच्या पुढचा वेगळा विषय) केलेलं असलं तर बरं असं मानतात. पहिल्याच टर्मला डिफरन्शियल इक्वेशन्स, मेकॅनिक्स, सर्किट्स सुरू होतात. ज्याचं कॅल्क्युलस कच्चं आहे त्याची तिथे दमछाक होते आणि प्राध्यापकांना हे वर्षानुवर्षं दिसत आलेलं आहे, म्हणून मॅथ्सचा ग्रेड बघितल्याशिवाय जागा पक्की करायला डिपार्टमेंट तयार नसतं. केंब्रिजची इंजिनिअरिंगची नेहमीची ऑफर दोन ए-स्टार (हा सगळ्यात वरचा ग्रेड) आणि एक ए अशी असते. त्यात आता वेगळी प्रवेश परीक्षाही आली आहे. ईसॅट नावाची ही परीक्षा 2024 च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली, केंब्रिज आणि इंपीरियल दोघंही ती वापरतात. इतकं सगळं दिल्यावरही शेवटी हातात पडते ती कंडिशनल ऑफरच, कारण परीक्षा आणि इंटरव्ह्यू हे ऑफर द्यायची की नाही ते ठरवण्यासाठी असतात, अट काढून टाकण्यासाठी नसतात.

पूर्वी असं नव्हतं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची स्वतःची प्रवेश परीक्षा होती तेव्हा ती चांगली दिलेल्या मुलाला ए लेव्हलला नुसते दोन ई, म्हणजे पास होण्यापुरते सगळ्यात खालचे ग्रेड, आणा एवढीच अट घालायचे, म्हणजे नावाला कंडिशनल पण खरं तर जागा पक्कीच. नंतर त्या परीक्षा बंद झाल्या आणि ती पद्धतही गेली.

कला शाखांशी तुलना केली की फरक लगेच दिसतो. चित्रकला, डिझाइन, संगीत अशा कोर्सना पोर्टफोलिओ किंवा ऑडिशन असते, मुलाचं काम प्रत्यक्ष बघितलेलं असतं, त्यामुळे तिथे निकालाआधी अनकंडिशनल ऑफर देणं जुनं आहे आणि त्यात गैर काही नाही. इंजिनिअरिंगमध्ये दाखवायला असं काही नसतं, मुलाने रोबोट बनवला असेल, शाळेत सोलर कार केली असेल, तर त्याने अर्जातलं पर्सनल स्टेटमेंट छान होतं, पण मॅथ्सच्या ग्रेडची जागा ते घेऊ शकत नाही.

2013 ते 2020 मधली लाट

मधली काही वर्षं मात्र अनकंडिशनल ऑफरींचा नुसता पाऊस पडला होता आणि जुने किस्से ऐकून आजही लोकांच्या अपेक्षा वाढतात ते त्या वर्षांमुळेच. 2013 मध्ये इंग्लंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमधल्या 18 वर्षांच्या मुलांना मिळालेल्या अशा ऑफरी सुमारे 3 हजार होत्या, 2018 मध्ये त्या जवळजवळ 68 हजार झाल्या. इंग्लंडमध्ये विद्यार्थीसंख्येवरची सरकारी मर्यादा उठली, प्रत्येक विद्यार्थ्यामागे फी येते, मग विद्यापीठं मुलांसाठी एकमेकांशी झगडायला लागली. बर्मिंगहॅम विद्यापीठाने 2013 मध्ये सुरुवात केली ती पद्धत अशी, की ऑफर आधी कंडिशनल असते, पण तुम्ही आम्हाला पहिली पसंती दिलीत तर आम्ही ती अनकंडिशनल करू. दुसऱ्यांनीही हे उचललं. नंतर बर्मिंगहॅमने स्वतः ते सोडून दिलं.

माझ्या मते ही पद्धत मुलांवर अन्याय करणारी होती. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला परीक्षेच्या तोंडावर सांगायचं की आत्ता आम्हाला निवड, मग टेन्शनच नाही, यात त्याचं हित कुठे आलं? ज्याच्याकडे यापेक्षा चांगल्या पण कंडिशनल ऑफर असतात तोही घाबरून इकडे येतो. आणि झालंही तसंच, अनकंडिशनल जागा धरून बसलेल्या मुलांचे ग्रेड अंदाजापेक्षा खाली येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं. इंजिनिअरिंगच्या मुलासाठी तर हे दुप्पट वाईट, कारण शेवटच्या तीन महिन्यांत सोडून दिलेलं मॅथ्स पहिल्या वर्षात परत समोर येऊन उभं राहतं.

एप्रिल 2019 मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री डेमियन हाइंड्स यांनी अशा 23 विद्यापीठांना पत्र लिहून हे बंद करा म्हणून सांगितलं. मग कोविड आला, ऑफरींची पळापळ परत सुरू होईल अशी भीती वाटली आणि इंग्लंडच्या ऑफिस फॉर स्टुडंट्स या नियामक संस्थेने जुलै 2020 मध्ये पहिल्या पसंतीच्या अटीवरच्या या ऑफरींवर बंदी आणली, ती सप्टेंबर 2021 पर्यंत होती. 2022 मध्ये विद्यापीठांच्या संघटनांनी मिळून प्रवेशाची आचारसंहिता केली, त्यात अनकंडिशनल ऑफर कधी चालेल ते सांगितलं आहे, म्हणजे निकाल आधीच आलेला असेल, पोर्टफोलिओ किंवा ऑडिशन झाली असेल, किंवा आजारपण-अपंगत्वासारखं खास कारण असेल. तेव्हापासून निकालाआधीच्या अशा ऑफरी फार कमी झाल्या. निकालानंतरच प्रवेश द्यावेत असाही विचार सरकारने केला होता, 2021 मध्ये लोकांची मतं मागवली, पण 2022 च्या फेब्रुवारीत तो सोडून दिला. तो झाला असता तर कंडिशनल-अनकंडिशनल हा भेदच उरला नसता.

स्कॉटलंड वेगळं

स्कॉटलंडच्या मुलांना अनकंडिशनल मिळाली म्हणून इंग्लंडमधल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. तिथे हायर परीक्षा माध्यमिक शाळेच्या पाचव्या वर्षीच होते आणि विद्यापीठाचा अर्ज सहाव्या वर्षी जातो, म्हणजे अर्ज करताना मार्क हातातच असतात. ग्लासगो, स्ट्रॅथक्लाइड, एडिंबरा, हेरियट-वॉट इथल्या इंजिनिअरिंगला स्कॉटिश मुलाचे हायरमध्ये हवे ते ग्रेड आलेले असतील तर अनकंडिशनल येणं अगदी नॉर्मल. पदवी तिथे चार वर्षांची असते, त्यामुळे पहिल्या वर्षी पाया भरून घ्यायला वेळ मिळतो. तीच जागा इंग्लंडच्या ए लेव्हलवाल्या मुलाला मात्र कंडिशनलच मिळते.

गॅप इयर घेतलेल्यांचं गणितही असंच. निकाल लागल्यावर वर्षभर थांबून अर्ज केला तर अंदाजाचा प्रश्नच राहत नाही, ग्रेड पुरेसे असले की ऑफर सरळ अनकंडिशनल. पण इंजिनिअरिंगवाले इथेही एक प्रश्न विचारतात, की वर्षभरात गणिताचं काय केलंत. त्याला उत्तर तयार ठेवावं.

मराठी मुलांसाठी

बारावी करून थेट ब्रिटनला बीई-बीटेकऐवजी बीएंग (तिथली इंजिनिअरिंगची पदवी) किंवा एमएंगला (तीच, पण सलग मास्टर्सपर्यंत) जायचं असेल तर आधी एक बघा, की त्या विद्यापीठाला भारतीय बारावी चालते का. बऱ्याच ठिकाणी चालते, काही ठिकाणी राज्य बोर्डाला सीबीएसईपेक्षा जास्त टक्के मागतात, काही ठिकाणी आधी फाउंडेशन इयर, म्हणजे पदवीआधीचं तयारीचं वर्ष, करा म्हणतात, आणि केंब्रिज तर जेईई अ‍ॅडव्हान्स्डची रँकही विचारतं. बारावीत असताना अर्ज केला तर ऑफर कंडिशनलच येणार, पीसीएममध्ये इतके टक्के आणि इंग्रजीत इतके, अशी. पण आपला निकाल साधारण मे-जूनमध्ये लागतो, ए लेव्हलच्या दोन-अडीच महिने आधी, त्यामुळे मार्कशीट पाठवली की आपल्या मुलाची ऑफर जूनमध्येच अनकंडिशनल होऊ शकते, तेव्हा तिथली मुलं अजून निकालाची वाट बघत असतात. बारावीनंतर एक वर्ष थांबून अर्ज केला तर सुरुवातीलाच अनकंडिशनल.

एमएससीला जाणाऱ्यांची संख्या आपल्याकडे जास्त, आणि त्यांचा अर्ज यूकॅसमधून न जाता बहुतेक वेळा थेट विद्यापीठाकडे जातो. सातव्या सेमपर्यंतच्या मार्कशीटवर अर्ज केला की कंडिशनल येते आणि अटी साधारण ठरलेल्या असतात, आठव्या सेमचा निकाल, एकूण इतके टक्के किंवा इतका सीजीपीए, प्रोव्हिजनल डिग्री सर्टिफिकेट, आयईएलटीएस. बारावीच्या इंग्रजीत चांगले मार्क असतील तर आयईएलटीएस बऱ्याच ठिकाणी माफ होतं, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या. केटी राहिली असेल तर ती निघेपर्यंत अनकंडिशनल विसरा. खरी भीती असते निकाल उशिरा लागण्याची. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन् महिने लांबले, बाहेर जाणाऱ्या मुलांचे हाल झाले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. अशा वेळी मुलाची काहीच चूक नसते, पण अट तर पूर्ण व्हायला हवी, म्हणून निकाल लांबतोय असं दिसलं की विद्यापीठाच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला लगेच मेल करावी आणि कॉलेजकडून तसं पत्र घ्यावं.

अनकंडिशनल आली तरी राहणारी कामं

मार्कांची अट गेली म्हणजे सगळं संपलं असं नाही. व्हिसासाठी कॅस नावाचा नंबर लागतो, आणि तो अनकंडिशनल झाल्यावर, डिपॉझिट भरल्यावर आणि कागद तपासल्यावरच मिळतो. फी आणि राहण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस दाखवावा लागतो, टीबीची टेस्ट करावी लागते. इंजिनिअरिंगच्या काही शाखांना, विशेषतः एमएससी आणि एमएंगला, भारतीयांना एटॅस नावाची ब्रिटिश सरकारची परवानगी लागते. तिला फी नाही पण वेळ बराच जातो, उन्हाळ्यात तर महिनाभराच्या वर, म्हणून ऑफर लेटरमध्ये एटॅसचा उल्लेख आहे का हे पहिल्याच दिवशी बघावं. हा परवाना येईपर्यंत काही विद्यापीठं ऑफर कंडिशनलच दाखवतात, तेव्हा मार्क पूर्ण असूनही पोर्टलवर कंडिशनल दिसतंय म्हणून घाबरायचं कारण नाही.

आणि यूकॅसचा एक नियम घाईत बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. कंडिशनल ऑफर पहिली पसंती म्हणून घेतली तर दुसरी एक इन्शुरन्स, म्हणजे राखीव, म्हणून ठेवता येते, पण अनकंडिशनल पहिली पसंती म्हणून स्वीकारली की बाकी सगळ्या ऑफरी सोडाव्या लागतात. म्हणून हातात एक अनकंडिशनल आणि मनात असलेल्या कोर्सची एक कंडिशनल असेल तर मनातली फर्म, म्हणजे पहिली पसंती, करायची आणि अनकंडिशनलवालीला इन्शुरन्स ठेवायची, म्हणजे ऑगस्टमध्ये ग्रेड हुकले तरी जागा राहते. चुकून उलटं झालं असेल तर जागा सोडून क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीत, जाता येतं, पण तिथे हव्या त्या कोर्सला जागा शिल्लक असेलच असं नाही, आणि व्हिसा लागणाऱ्या मुलाला ऑगस्टअखेर नवीन कॅस, नवा एटॅस असं सगळं सप्टेंबरच्या आत बसवणं फार अवघड जातं.