सातवा खंड का गळतो?

घराण्यात कोणालाच नसलेला आजार आनुवंशिक कसा असू शकेल, असे बाळाला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजेच एसएमए, हा स्नायू दुबळे करत जाणारा आजार असल्याचे कळल्यावर आईवडील हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्या जनुकातील दोषामुळे हा आजार होतो, त्याची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून प्रत्येकाकडे आलेली असते. दोन्ही निकामी असतील तरच आजार होतो. एकच निकामी असलेली व्यक्ती ठणठणीत राहते, ती केवळ वाहक असते. साधारण ४० ते ६० जणांत एक वाहक आढळतो, त्यामुळे हा दोष पिढ्यान्‌पिढ्या न दिसता चालत येतो आणि दोन वाहकांच्या पोटी प्रथमच प्रकट होतो.

पाचव्या गुणसूत्रावरील हे एसएमएन-१ जनुक १९९५ मध्ये ओळखले गेले. मज्जारज्जूतील ज्या चेतापेशी स्नायूंना हालचालीचे संदेश देतात, त्या त्याच्या प्रथिनावर जगतात. नवल असे की, त्याच गुणसूत्रावर एसएमएन-२ ही त्याची जवळजवळ हुबेहूब प्रत असते. मग ती बाळाला का वाचवत नाही? तिच्या सातव्या खंडात, म्हणजे एक्झॉनमध्ये, डीएनएच्या ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ आलेले असते. टीटीसी काय आणि टीटीटी काय, या दोन्ही तीन अक्षरी संकेतांचा अर्थ फेनिलअ‍ॅलनिन हे एकच अमिनो आम्ल. म्हणजे प्रथिनाच्या मजकुरात काहीच बदल नाही. परंतु आरएनएचे, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेल्या जनुकाच्या नकलेचे, तुकडे जोडणारी यंत्रणा त्या अक्षरावरूनही सातवा खंड ओळखते, आणि ते बदलल्यामुळे बहुतेक वेळा तो खंडच वगळते. असे अपुरे प्रथिन टिकत नाही. थोडेसे पूर्ण प्रथिन मात्र बनते, म्हणून एसएमएन-२च्या प्रती जितक्या अधिक, तितका आजार सहसा सौम्य. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले नुसिनर्सेन हे औषध हा खंड पुन्हा जोडून घ्यायला लावते.

निदानाची मेखही येथेच आहे. सुमारे ९५ टक्के रुग्णांत एसएमएन-१चा सातवा खंड दोन्ही प्रतींतून नाहीसा झालेला असतो, त्यामुळे तेथे प्रती मोजणारी एमएलपीए ही चाचणी उपयोगी पडते. जुळ्या जनुकांच्या गोंधळामुळे सरसकट एक्झोम तपासणीत, म्हणजे सर्व जनुकांचे एक्झॉन एकत्र वाचणाऱ्या चाचणीत, हा दोष निसटू शकतो.

बाळ मान धरत नसेल, पाय लुळे असतील, पण नजर तल्लख असेल, तर नाशिकमधील पालकांनी बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतल्याचा ठपका सुनेवर ठेवणे निराधार आणि क्रूर आहे. त्र्यंबकेश्वरी नागबळी करावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग; पण मुहूर्ताची वाट पाहताना मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, आणि उपचार जितके लवकर, तितका त्यांचा लाभ अधिक.

दोन्ही पालक वाहक असल्यास पुढील प्रत्येक गर्भारपणात बाधित बाळाची शक्यता २५ टक्के असते. गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी पहिल्या बाळाचा जनुकीय अहवाल जपून ठेवावा आणि गर्भधारणेपूर्वीच जनुकीय समुपदेशकाला दाखवावा.