ब्रेनस्टेम स्ट्रोक : लक्षणांवरून धमनी ओळखण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

चेहऱ्याची एक बाजू आणि हातापायांची विरुद्ध बाजू बाधित झाल्यास दोष ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात, असतो, ही जाण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पक्की झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत युरोपातील डॉक्टरांनी वर्णन केलेले बहुतेक सिंड्रोम (लक्षणसमूह) आजही त्यांच्या आडनावांनी ओळखले जातात. मात्र त्या मूळ रुग्णांपैकी काहींना धमनी बंद पडून नव्हे, तर रक्तस्रावाने किंवा क्षयाच्या गाठीने लक्षणे आली होती, याची आठवण पाठ्यपुस्तके क्वचितच ठेवतात.

खरा गुंता लॅटरल मेड्युलरी सिंड्रोमबाबत, म्हणजे मेड्युलाच्या (ब्रेनस्टेमच्या सर्वांत खालच्या भागाच्या) कडेला झालेल्या दोषाबाबत झाला. चक्कर, गिळताना अडथळा, घोगरा आवाज, त्याच बाजूची पापणी उतरून बाहुली आकुंचित होणे, त्या बाजूच्या चेहऱ्यावर आणि विरुद्ध बाजूच्या अंगावर वेदना व तापमानाची जाणीव कमी होणे, आणि एवढे होऊनही हातापायांतली ताकद शाबूत राहणे, हे चित्र १८९५ मध्ये तपशिलाने मांडले गेले. १९०१ च्या शवविच्छेदनात लहान मेंदूच्या खालच्या मागील भागाकडे जाणारी धमनी, म्हणजे ‘पायका’, बंद आढळली आणि सिंड्रोमला तिचेच नाव चिकटले. १९६१ मधील एका विकृतिशास्त्रीय अभ्यासाने मात्र दाखवले, की अशा रुग्णांत बहुतेकदा मुळातली व्हर्टिब्रल धमनीच (मानेतून मेंदूकडे जाणारी, जिच्यातून ‘पायका’ फुटते ती) बंद असते, कारण मेड्युलाच्या त्या कडेला रक्त पुरवणाऱ्या बारीक शाखा बऱ्याच अंशी थेट तिच्यातून निघतात. तरीही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘पायका’च लिहिण्याची प्रथा टिकली. ही प्रथा निव्वळ सोयीची आहे. लक्षणे दोषाची जागा सांगतात, धमनीबाबत फक्त अंदाज देतात. त्या मानाने, एका कानाचे ऐकू येणे अचानक गेले आणि त्याच बाजूचा चेहरा वाकडा झाला, तर ‘आयका’ धमनीचा (लहान मेंदूच्या खालच्या पुढील भागाकडे जाणारीचा) संशय घेणे बरेच भरवशाचे ठरते.

१९९० च्या दशकात डिफ्यूजन एमआरआय (ताजा स्ट्रोक लवकर दाखवणारा स्कॅन) आल्यावर जागेचा वाद बराचसा मिटला, पण तपासणीचे महत्त्व संपले नाही. सतत चक्कर असलेल्या रुग्णांत डोळ्यांच्या हालचालींची तीन टप्प्यांची तपासणी सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही संवेदनशील ठरू शकते, असे २००९ च्या अभ्यासात दिसले, कारण पहिल्या एक-दोन दिवसांत या भागातला लहान इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मृत झालेला भाग) स्कॅनमध्ये निसटू शकतो.

ब्रेनस्टेमला रक्त पुरवणाऱ्या मुख्य बॅसिलर धमनीतील गुठळी यंत्राने काढण्याबाबतच्या आधीच्या दोन चाचण्या अनिर्णित राहिल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चिनी चाचण्यांनी फायदा दाखवला. त्यांत प्रामुख्याने स्ट्रोकच्या प्रचलित गुणपट्टीवर जास्त गुण असलेले रुग्ण घेतले होते. या गुणपट्टीत हातापायांच्या कमजोरीला भरपूर गुण आहेत, पण गिळण्याच्या अडचणीला किंवा बसताना तोल जाण्याला एकही नाही. त्यामुळे घोटभर पाणीही न गिळता येणारा मेड्युलाचा रुग्ण तिच्यावर सौम्य ठरू शकतो.